केई ट्रक : दोषनिदान व दुरुस्ती

गाडीची लांबी-रुंदी आणि इंजिनाचा आकार यांवर सरकारने घातलेल्या मर्यादेत बसणाऱ्या जपानी छोट्या मालट्रकला केई ट्रक म्हणतात. जपानमध्ये हा वाहनवर्ग १९४९ मध्ये आखला गेला. इंजिनाची मर्यादा १९५५ मध्ये ३६० सीसी, १९७६ मध्ये ५५० सीसी आणि १९९० मध्ये ६६० सीसी झाली. १९९८ च्या नियमांनुसार गाडीची लांबी ३.४ मी., रुंदी १.४८ मी. आणि उंची २ मी. यांपलीकडे जाता कामा नये. हौद्यात ३५० किग्रॅ. पर्यंतच माल भरता येतो. सुझुकी कॅरी, दाइहात्सू हायजेट, सुबारू सांबार, होंडा ॲक्टी आणि मित्सुबिशी मिनीकॅब ही या वर्गातली ठळक नावे.

जपानी शेतात, बंदरांवर आणि बांधकामांवर राबून झालेले हे ट्रक पुढे परदेशी जातात. अमेरिकेत केंद्रीय सुरक्षानियमांतून सूट मिळण्यासाठी गाडी २५ वर्षांची व्हावी लागते, कॅनडात १५ वर्षांची. म्हणजे तिथल्या मालकाच्या हाती पडते ती गाडी जुनीच असते, आणि बंदरात उतरल्यावर तिच्या निर्मात्याचा स्थानिक विक्रेता तिला ओळखतही नाही. या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या की तिच्या दुखण्यांपैकी बरीच समजतात. मूळ बांधणी कच्ची म्हणून बिघडलेले केई ट्रक थोडे. वय, उभे राहणे, कडक झालेले रबर आणि आधीच्या कोणीतरी केलेली जुगाडे यांनी बिघडलेले पुष्कळ.

ओळख पटवणे : दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे गाडीवरची पट्टी वाचणे. जपानी बाजारपेठेसाठी बनलेल्या गाडीला १७ अक्षरी आंतरराष्ट्रीय क्रमांक नसतो. तिच्यावर मॉडेलचा संकेत आणि पुढे अनुक्रमांक असा चासी (सांगाडा) क्रमांक असतो. अमेरिकी दुकानाच्या संगणकात तो घातला तर काहीच सापडत नाही. संकेतातून मात्र सगळे कळते : डीडी५१टी म्हणजे नव्वदच्या दशकातली चारही चाकांना जोर देणारी कॅरी, एचए४ म्हणजे तशीच ॲक्टी, एस८३पी म्हणजे हायजेट, केएस४ म्हणजे सांबार, यू४२टी म्हणजे मिनीकॅब. वर्ष आणि मॉडेलचे नाव एवढ्यावर मागवलेला सुटा भाग चुकीचा निघण्याची शक्यता फार, कारण एकाच वर्षात एकाच नावाखाली वेगवेगळी इंजिने आणि गिअरबॉक्स असत. मागणीत पूर्ण चासी क्रमांक लिहावा.

दरवाज्याच्या चौकटीवर किंवा इंजिनाजवळ चिकटवलेली जपानी चिठ्ठी खरवडून टाकू नये. टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडायला-मिटायला लावणारा रबरी पट्टा) कधी आणि किती किलोमीटरला बदलला, हे बहुधा तिच्यावरच लिहिलेले असते. वर्ष हेइसेई या जपानी कालगणनेत असेल तर आकड्यात १९८८ मिळवावेत; हेइसेई ७ म्हणजे १९९५. अशी चिठ्ठी नसेल तर बेल्ट जुना आहे असे धरून चालणे शहाणपणाचे. जपानी गॅरेजांत साधारण १ लाख किलोमीटरला बेल्ट बदलतात, पण कमी चाललेल्या गाडीचा बेल्टही वयाने कडक होतो आणि भेगाळतो. जुन्या मीटरमध्ये पाचच अंक असल्याने ९९,९९९ नंतर तो शून्यावर येतो, त्यामुळे मीटरवरच्या आकड्यावर फार विसंबू नये.

इंजिन कुठे आहे : कॅरी, हायजेट आणि मिनीकॅब यांचे इंजिन सीटखाली असते, सीट उचलली की वरचा भाग दिसतो. ॲक्टीचे इंजिन हौद्याखाली, मागच्या चाकांच्या पुढे. सांबारचे मागच्या चाकांच्याही मागे, म्हणून जपानात तिला गमतीने शेतवाटेवरची पोर्शे म्हणतात. बहुतेकांना तीन सिलिंडर; १९९० नंतरच्या सांबारला मात्र चार सिलिंडरचे ६५८ सीसी इंजिन आहे. सुबारूने स्वतःची सांबार बनवणे २०१२ मध्ये थांबवले; त्यानंतर त्या नावाने मिळणारी गाडी मुळात हायजेट आहे. सुटे भाग शोधताना हा फरक विसरून चालत नाही.

गंज : इंजिन बदलता येते, चासी सहसा बदलत नाहीत, म्हणून खरेदीपूर्वी किंवा मोठ्या खर्चापूर्वी गाडीखाली जाऊन पाहावे. जपानच्या उत्तरेकडच्या हिमप्रदेशात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते हौद्याखालच्या आडव्या पट्ट्यांत, पुढच्या चाकांमागच्या पत्र्यात आणि केबिनच्या फरशीच्या कडेला साचते. वरून नवा काळा रंग मारलेला दिसला तर जास्तच संशय घ्यावा. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ठोकून पाहावे. घट्ट पत्रा खणखणतो, सडलेला दबतो. सस्पेन्शनचे बोल्ट जिथे बसतात तिथला धातू गेला असेल तर जोडकाम चांगल्या वेल्डरकडूनच करून घ्यावे. फरशीच्या भोकावर पत्र्याचे ठिगळ चालते, तिथे चालत नाही.

सेल लागतो, पण गाडी सुरू होत नाही : हीच तक्रार सर्वांत जास्त येते आणि तिच्यात सर्वांत जास्त पैसे वाया जातात, कारण दोष लगेच कार्बोरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) माथी मारला जातो. आधी बॅटरी आणि अर्थिंग पाहावे. या ट्रकांना जपानी मापाची छोटी बॅटरी असते आणि तिचे खुंट बारीक असतात. अमेरिकी बॅटरीच्या जाड खुंटांवर मूळ क्लिपा ताणून बसवल्या, किंवा उलट बारीक खुंटांवर जाड क्लिपा सैल राहिल्या, की सगळा विद्युतप्रवाह लुळा पडतो आणि मग दिवे, इंधनपंप, ठिणगी असे सगळेच बिघडल्यासारखे वाटते. इंजिनापासून चासीला गेलेली अर्थची पट्टी काढून, घासून पुन्हा आवळली की निम्म्या वेळा चमत्कार घडतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळाले पाहिजेत.

त्यानंतर ठिणगी. डिस्ट्रिब्यूटरच्या (प्लगांना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाच्या) कॅपला आतून बारीक तडे जातात, रोटरचे टोक जळते, प्लगच्या वायरी जुन्या होतात. ओल्या सकाळी सुरू न होणारी आणि दुपारी सहज सुरू होणारी गाडी बहुधा इथेच अडलेली असते. प्लग काढून पाहावा. तो पेट्रोलने ओला असेल तर इंधन पोहोचते आहे, पण पेटत नाही. कोरडा असेल तर इंधनाचा माग काढावा.

ठिणगी आणि इंधन दोन्ही असूनही इंजिन धरत नसेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरात तयार होणारा दाब) मोजावे. आकडा किती आला यापेक्षा सगळे सिलिंडर एकसारखे आहेत का, हे जास्त बोलके असते. एकच सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात थोडे इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे : आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, तसाच राहिला तर दोष व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा (सिलिंडरांवरच्या हेडखालच्या सीलचा). सगळेच सिलिंडर सारखे कमी असतील तर टायमिंग बेल्टचा दात सरकला नाही ना, ते खुणा जुळवून पाहावे. टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) फार घट्ट झाले असतील तरी कॉम्प्रेशन पडते आणि ते ठीक करायला हेड उघडावे लागत नाही.

आयडलिंगला (गाडी उभी असताना इंजिन मंद चालू असते तेव्हा) बंद पडणे : नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच केई ट्रकांना कार्बोरेटर आहे आणि त्याभोवती व्हॅक्यूमच्या (इंजिनाच्या हवा ओढण्याच्या जोरावर चालणाऱ्या) रबरी नळ्यांचे जाळे. या नळ्या पंचवीस वर्षांत काचेसारख्या ठिसूळ होतात. इंजिन चालू ठेवून नळ्यांच्या टोकांवर आणि मॅनिफोल्डच्या सांध्यावर कार्बोरेटर क्लीनरचा हलका फवारा मारला आणि इंजिनाचा आवाज बदलला की हवा तिथूनच शिरते आहे. (इंजिन गरम असताना हे करू नये, फवारा पेट घेतो.) सगळ्या नळ्या एकदम काढण्याचा मोह आवरावा. एक काढावी, त्याच लांबीची नवी लावावी, मग दुसरी. नळ्यांचा मूळ आराखडा हरवलेली गाडी मार्गाला लावणे हे कार्बोरेटर उघडण्याहून कितीतरी किचकट काम आहे.

चोकवर (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळवून देणाऱ्या झडपेवर) चालणारी, पण चोक सोडला की लगेच मरणारी गाडी दोन गोष्टी सुचवते. एक, आयडलचा बारीक जेट तुंबला आहे. महिनोन्‌महिने उभ्या गाडीतले पेट्रोल उडून मागे उरलेला चिकट थर तो बुजवतो. दोन, कार्बोरेटरवरचा इंधन तोडणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) उघडत नाही. किल्ली फिरवताच त्याचा ‘टिक’ असा आवाज येतो. आला नाही तर आधी त्याची वायर पाहावी. जेट साफ करायला तार घालू नये, भोक मोठे होते आणि इंजिन कायमचे जास्त पेट्रोल पिऊ लागते. क्लीनर आणि दाबाची हवा पुरते.

अमेरिकेत पंपावरच्या पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या नळ्या आणि फिल्टर सुरुवातीलाच बदललेले बरे. महागडे जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरण्याची गरज नाही. जपानचे साधे पेट्रोल आणि तिकडचे साधे पेट्रोल यांत या इंजिनाला जाणवेल असा फरक नाही. इंधनपंप बदलताना मात्र सांभाळावे. कार्बोरेटरला कमी दाब लागतो. इंजेक्शनच्या (पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या) गाडीचा पंप बसवला तर फ्लोटची सुई दाब पेलत नाही आणि पेट्रोल वाहू लागते. १९९९ नंतरच्या ॲक्टी आणि सांबार यांना इंजेक्शन आहे. त्यापूर्वीच्या इंजेक्शनच्या गाड्यांवर अमेरिकी स्कॅनर सहसा उपयोगी पडत नाही. त्यांत कनेक्टरच्या दोन पिना जोडून दिव्याच्या लुकलुकण्यावरून दोषसंकेत मोजतात.

गरम होणे : ॲक्टीत इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे असल्याने पाणी गाडीखालून लांब नळ्यांमधून जाते. या नळ्या बाहेरून सडतात आणि त्यांत हवा अडकते. कूलंट (इंजिन थंड ठेवणारे हे पाणी) नुसता वरून ओतला की टाकी भरलेली दिसते, पण हेडमध्ये हवेचा बुडबुडा राहतो आणि गाडी काही मिनिटांत तापते. हवा काढण्याची रीत अशी : गाडीचे तोंड चढावर ठेवावे, हीटर पूर्ण गरमवर करावा, हवा सोडण्याचे बोल्ट सैल करून बुडबुड्यांविना धार येईपर्यंत कूलंट ओतत राहावे. हीटरमधून गरम हवा येत नसेल, तर हवा अजून अडकलेली आहे किंवा कूलंट कमी आहे. ज्या कार्बोरेटरांत चोक कूलंटच्या उष्णतेने उघडतो तिथे याचा आणखी एक परिणाम दिसतो : कूलंट कमी पडला की चोक बंदच राहतो आणि काळा धूर निघतो. मालक कार्बोरेटर उघडून बसतो, दोष रेडिएटरमध्ये असतो.

तापलेल्या इंजिनाचे ॲल्युमिनियमचे हेड वाकते. हेड गॅस्केट गेल्याची खूण म्हणून ऑइलच्या झाकणाखालचा दुधट थर दाखवला जातो, पण केवळ छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत थंडीच्या दिवसांत वाफेनेही तो जमतो. डिपस्टिकवरचे ऑइलही दुधट आहे का, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात का, गाडी उभी असताना कूलंट कमी होतो का, हे पाहूनच हेड उघडावे. उघडलेच तर ते सपाट आहे का, हे मापून घ्यावे; नुसते गॅस्केट बदलून तेच काम पुन्हा करावे लागते.

धूर आणि गळती : सुरू करताना क्षणभर निळा धूर आला आणि नंतर थांबला तर व्हॉल्व्हची सीले गेली आहेत, सतत निळा धूर आणि ऑइल खाणे म्हणजे रिंगा. तळाशी ऑइल दिसले की मागचे मोठे सील गेले असा निष्कर्ष घाईने काढतात. बहुतेकदा ते वरच्या कव्हरच्या गॅस्केटमधून किंवा डिस्ट्रिब्यूटरच्या रबरी रिंगेतून झिरपून खाली आलेले असते. इंजिन धुऊन, कोरडे करून एक फेरी मारली की उगम दिसतो.

चारचाकी जोर आणि चाके : काही मॉडेलांत गिअरच्या दांड्यावरच्या बटणाने व्हॅक्यूमद्वारे पुढची चाके जोडली जातात. दिवा लागतो, पण चाके ओढत नाहीत, तेव्हा गिअरबॉक्स खोलण्याआधी पुन्हा त्या रबरी नळ्याच पाहाव्यात. अशा गाड्या कोरड्या डांबरावर चारचाकी जोरात चालवू नयेत. पुढची आणि मागची चाके वळणावर वेगळे अंतर कापतात आणि मधला ताण गिअरांवर येतो. चारही टायर एकाच घेराचे हवेत. मूळ टायर १४५आर१२ या मापाचा, मालगाडीच्या ताकदीचा असतो. उत्तर अमेरिकेत तो सहज मिळत नाही म्हणून शेतात चालणाऱ्या चारचाकी बाइकचे टायर चढवतात. शेतासाठी ते ठीक, रस्त्यासाठी नव्हे.

ब्रेक : उभ्या राहिलेल्या गाडीत मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर गळतात. ते जोडीनेच बदलावेत आणि त्याच वेळी लोखंडी ब्रेकनळ्यांचा गंज तपासावा.

परदेशातल्या वापरातून आलेले दोष : पूर्वी अमेरिकेत २५ वर्षांहून नवे केई ट्रक ‘रस्त्याबाहेरचे वाहन’ म्हणून आणताना त्यांचा वेग ताशी २५ मैल, म्हणजे सुमारे ४० किमी., इतका रोखत. वरचे गिअर बंद करून किंवा वेग रोखणारा भाग बसवून. अशी गाडी ‘पिकअप घेत नाही’ म्हणून गॅरेजात आली तर दोष इंजिनात शोधण्यात अर्थ नाही. दिव्यांचेही तसेच. जपानमध्ये वाहने डावीकडून चालतात आणि हेडलाइटचा झोत डावीकडे जास्त लांब पडतो. उजवीकडून चालणाऱ्या देशात तोच झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. नोंदणीचे नियमही सर्वत्र सारखे नाहीत : अमेरिकेतील काही राज्यांनी या ट्रकांना रस्त्यावर मनाई केली, तर टेक्ससने २०२४ मध्ये नोंदणीची वाट मोकळी केली.

भारतीय संबंध : भारतात तीन वर्षांहून जुने वापरलेले वाहन आयात करता येत नाही, आणि वापरलेली वाहने मुंबई बंदरातूनच आणता येतात, त्यामुळे जुने केई ट्रक इथे येत नाहीत. मात्र त्यांच्या यंत्राशी मराठी मेकॅनिकची ओळख जुनी आहे. १९८४ मध्ये आलेली मारुती व्हॅन, म्हणजे पुढची ओम्नी, ही कॅरीच्या एका पिढीवर बेतलेली होती. तिचे ७९६ सीसीचे एफ८बी इंजिन आणि केई कॅरीचे ६५७ सीसीचे एफ६ए इंजिन एकाच कुटुंबातले : तीन सिलिंडर, टायमिंग बेल्ट, वरच्या कॅमची तीच मांडणी. सीट उचलून ओम्नीचा कार्बोरेटर लावणाऱ्याला कॅरीपुढे उभे केले तर तो गडबडणार नाही. दोन्हींचा बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) मात्र वेगळा असल्याने ओम्नीचे पिस्टन आणि रिंगा कॅरीला चालत नाहीत. इंजिन उघडायचे असेल तर ते भाग जपानहूनच मागवावे लागतात.