कुली लोच: हमालाचा नव्हे, कूलचा मासा

फिश टँकच्या तळाशी वाळूत तोंड खुपसून बसणारा, पिवळसर अंगावर काळपट पट्टे मिरवणारा हा बोटभर मासा. दुकानातल्या पाटीवर त्याच्या इंग्रजी नावाचं स्पेलिंग पुष्कळदा हमाल या अर्थाच्या ‘कुली’चं असतं. तळाचं उरलंसुरलं खातो म्हणून हे नाव पडलं असेल, असं मग वाटून जातं. तसं काहीही नाही.

हाइनरिख कूल हा जर्मन निसर्ग-अभ्यासक 1820 च्या अखेरीस डच मोहिमेतून जावाला पोहोचला आणि सप्टेंबर 1821 मध्ये तिथेच वारला. वय अवघं 23. दोन वर्षांनी त्याचा सोबतीही गेला. पुढे 1846 मध्ये एका फ्रेंच तज्ज्ञाने या माशाला ‘कूलिआय’ हे जातिनाम दिलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘कूलचा’. बोलण्यात शेवट गळला, ‘कूली’ उरलं, आणि ऐकणाऱ्याने आपल्या ओळखीचा शब्द लिहून टाकला.

हा ओळखीचा शब्द तरी कुठला? काही कोशकार तो कोळी समाजाच्या नावाशी जोडतात, काही मजुरी या अर्थाच्या तमिळ ‘कूलि’शी. मला तमिळ वाट पटते, कारण रोजंदारीचा अर्थ त्या शब्दातच आहे. एकोणिसाव्या शतकात मॉरिशस आणि दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताच्या मळ्यांवर करारावर नेलेल्या आपल्या माणसांना तो शिवीसारखा चिकटला. तेविसाव्या वर्षी गेलेल्या अभ्यासकाची आठवण पुसून तिथे ही शिवी बसवणं मला खटकतं. पाटीवरचं स्पेलिंग बदलायला हवं.

पाटीत आणखी एक चूक असते. खरा ‘कूलिआय’ जावातला. दुकानांत त्या नावाने येतो तो बहुतेक वेळा ‘सेमिसिंक्टा’, म्हणजे अर्ध्या पट्ट्यांचा. त्याचं वर्णन 1940 मधलं.

अशा जवळच्या जातींच्या गटाला प्रजाती म्हणतात. या माशांच्या प्रजातीचं नाव बरीच वर्षं ‘अकँथॉफ्थॅल्मस’ होतं. त्यात काटा आणि डोळा हे दोन ग्रीक शब्द आहेत. डोळ्याखालचा तो बारीक काटा मासा घाबरला की उभा राहतो आणि जाळीच्या धाग्यात अडकतो. अशा वेळी ओढू नये. जाळी पाण्यातच धरून ठेवली की तो स्वतःच सुटतो.

1980 च्या दशकापासून ‘पांगिओ’ हे नाव रूढ झालं. ते आलं बंगालातल्या ‘पांग्या’ या बोलीतल्या नावावरून. गंगेतल्या माशांवरच्या 1822 च्या इंग्रजी ग्रंथात ते नोंदलं गेलं होतं. म्हणजे कूलचं नाव या माशांना लागण्याआधी तिथल्या मासेमारांचा शब्द छापून आला होता.

या प्रजातीत भारतातून भर पडतच राहिली. 1972 मध्ये एका जातीला गोव्यावरून ‘गोआएन्सिस’ म्हटलं गेलं. 2019 मध्ये केरळातल्या विहिरीत सापडलेल्या, पाठीवर पर नसलेल्या सुतासारख्या जातीला शेवेवरून ‘भुजिया’ हे नाव मिळालं. 2022 मध्ये तिथल्याच भूजलातून आलेल्या आणखी एका जातीचं नाव ठेवलं पाताळावरून.