बाटलीवरील टक्क्यांवरून मोलारिटी कशी काढावी

सांगली, मिरज आणि कुपवाड परिसरातील महाविद्यालये व साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांसाठी आमच्याकडून संहत आम्ले नेणारे ग्राहक एक प्रश्न वारंवार विचारतात: बाटलीवर ३७ टक्के छापले आहे, तर मोलारिटी किती धरायची? त्याचे उत्तर नुसत्या टक्क्यांतून मिळत नाही.

वजनी टक्केवारी १०० ग्रॅम द्रावणात मूळ पदार्थ किती ग्रॅम आहे ते सांगते, तर मोलारिटी एक लिटर द्रावणात त्याचे किती मोल (पदार्थाच्या रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम म्हणजे एक मोल) आहेत ते सांगते. एक माप वजनाचे आणि दुसरे आकारमानाचे असल्यामुळे त्यांना जोडायला घनता लागते, आणि लेबलवर बारीक अक्षरात छापलेला नेमका तोच आकडा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

हायड्रोक्लोरिक आम्लाचे उदाहरण घेऊ. घनता १.१८ ग्रॅम प्रति मिलिलिटर असल्यास एक लिटर द्रावणाचे वजन ११८० ग्रॅम भरते. त्याचे ३७ टक्के म्हणजे ४३६.६ ग्रॅम. याला रेणुवस्तुमान ३६.४६ ने भागले की ११.९७, म्हणजे सुमारे १२ मोलार. थोडक्यात, टक्केवारी, घनता आणि १० यांच्या गुणाकाराला रेणुवस्तुमानाने भागावे.

घनता वगळली तर काय होते, हे सल्फ्युरिक आम्लात सर्वांत स्पष्ट दिसते. ९८ टक्के, घनता १.८४ आणि रेणुवस्तुमान ९८.०८ घेतल्यास मोलारिटी १८.४ येते, घनता विसरल्यास ती जेमतेम १० दिसते आणि त्या हिशेबाने केलेले विरल द्रावण जवळजवळ दुप्पट तीव्र होते. २५ टक्के अमोनियाची घनता ०.९१, म्हणजे पाण्यापेक्षा कमी असल्याने तेथे चूक उलट दिशेने होते: खरी मोलारिटी १३.४ असताना १४.७ मिळते.

०.१ मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल एक लिटर करायचे असेल, तर वरील आम्ल ८.३५ मिलिलिटर लागेल. मोजपात्रात आधी पुरेसे पाणी घ्यावे, त्यात आम्ल हळूहळू सोडावे, द्रावण खोलीच्या तापमानाला आल्यावरच खुणेपर्यंत पाणी भरावे. आम्लात पाणी कधीही ओतू नये. सल्फ्युरिक आम्लाच्या बाबतीत तर उष्णतेने ते उसळून अंगावर येते.

मात्र हे गणित कितीही काळजीपूर्वक केले तरी उत्तर अंदाजेच राहते. अनेक बाटल्यांवर ३५ ते ३८ टक्के अशी मर्यादा दिलेली असते, म्हणजे मोलारिटी सुमारे ११.३ पासून १२.४ पर्यंत कुठेही असू शकते. शिवाय वारंवार उघडलेल्या बाटलीतून वायू निघून जातो. म्हणून अचूक कामासाठी विरल द्रावणाचे, भट्टीत वाळवलेल्या निर्जल सोडियम कार्बोनेटशी मिथिल ऑरेंज दर्शक वापरून अनुमापन (टायट्रेशन, म्हणजे वजन माहीत असलेल्या पदार्थाशी अभिक्रिया घडवून तीव्रता मोजणे) करावे आणि येणारी मोलारिटी तारखेसह बाटलीवर लिहावी. लेबल पुसट झाले असल्यास घनता अंदाजाने धरू नये; बॅच क्रमांक कळवल्यास त्या बॅचचा विश्लेषण दाखला आम्ही देऊ.