जिना कुठे संपतो आणि शिडी कुठे सुरू होते?

जुन्या नाशकातल्या वाड्यांचे जिने ज्यांनी चढलेत, त्यांना तो वरून लोंबणारा दोर आठवत असेल. दोर धरायचा आणि अंधारात माडीवर पोचायचं. आजी त्याला जिनाच म्हणायची. मला आता वाटतं, ती शिडी होती. जिना नुसत्या पायांनी चढता येतो. शिडीला हात लागतात.

'जिना' आपल्याकडे फारसीतून आला, 'सोपान' संस्कृतातला. त्र्यंबकेश्वरी समाधी असलेल्या निवृत्तिनाथांच्या धाकट्या भावाचं नावच सोपान. 'पायरी' मात्र थेट पायाशी नातं सांगते, आणि पायरीचं सगळं गणित पायाचंच आहे.

सतराव्या शतकात फ्रांस्वा ब्लाँदेल या फ्रेंच वास्तुविदाने ते मांडलं. सपाटीवर आपलं एक पाऊल साधारण ६० ते ६५ सेंटिमीटर पडतं. अंग वर उचलणं पुढे नेण्यापेक्षा जड, म्हणून पायरीची उंची दुप्पट धरायची, तिच्यात रुंदी मिळवायची आणि बेरीज पावलाएवढी आणायची. घरांसाठी आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत पायरीची उंची जास्तीत जास्त १९ आणि रुंदी कमीत कमी २५ सेंटिमीटर आहे. करा बेरीज: ६३.

पण हे सूत्र फसवतंही. समजा, वाड्यातली पायरी २५ उंच आणि १५ रुंद आहे. बेरीज ६५, म्हणजे चोख! तरी उतरताना टाच मावते, बोटं हवेत राहतात. मोठ्या माणसाचं पाऊलच मुळी २५ सेंटिमीटरच्या आसपास असतं. म्हणून तर तिथे आडवं होऊन उतरायचं, नाहीतर पाठमोरं.

शिवाय सगळ्या पायऱ्या सारख्या हव्यात. पहिल्या दोन-तीन आपण बघतो. पुढे पाय सवयीने पडतात. मध्येच एखादी बोटभर उंच निघाली की ठेच ठरलेली. (गवंडी वरची फरशी शेवटी बसवतो, तिथे हा घोळ हमखास होतो.)

त्र्यंबकजवळच्या हरिहर गडावर कातळात कोरलेल्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत. लोक त्यांना पायऱ्याच म्हणतात, पण उतरताना बहुतेक जण कड्याकडे तोंड करतात, शिडीवरून उतरावं तसे. कोरणाऱ्यालाही ते ठाऊक असावं. पायऱ्यांतच त्याने हाताची बोटं रुतवायला खोबण्या करून ठेवल्या आहेत.