एमसीबी वायर वाचवतो, माणूस नव्हे

एका खानावळीत डीप फ्रीझरसमोर पोतं अंथरलेलं बघितलं. कशाला, तर हँडलला हात लावला की झिणझिण्या येतात. मालक म्हणाले, "आत्ताच नवा एमसीबी टाकलाय की, आणि काय पायजे?"

हेच ऐकून ऐकून कान किटलेत.

एमसीबी तुम्हाला माहीत आहे: लोड वाढला किंवा शॉर्ट झालं की पडतो. फ्रीझरला 16 अँपिअरचा, सी कर्व्हचा घ्या. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर करंट कैक पट ओढतो, त्यात बी कर्व्हचा, म्हणजे कमी झटक्यालाच पडणारा, उगाच पडू शकतो. खाली 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आणि मध्ये एक्स्टेन्शन बोर्ड नको म्हणजे नकोच. एवढं बहुतेक वायरमन नीट करतात.

घोळ पुढं आहे. ओल्या फरशीवर, ओल्या हातानं मटणाची पाटी काढणाऱ्या पोराला शॉक बसला, तर त्याच्या अंगातून साधारण 200 मिलिअँपिअर जातील, म्हणजे 0.2 अँपिअर. माणूस मरायला तेवढे पुरतात. साठ वॅटचा बल्ब 230 व्होल्टवर याहून थोडा जास्तच घेतो. म्हणजे एमसीबीच्या हिशेबी पोरगं चिकटलं काय आणि मोरीतला बल्ब लागला काय, सारखंच. 16 चा एमसीबी 18 अँपिअरलासुद्धा तासभर पडायचा नाही, 0.2 ची त्याला खबरसुद्धा नसते. त्याचा दोष नाही, ते त्याचं कामच नव्हे.

ते काम आरसीसीबीचं. किती करंट गेला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. गेलेला सगळा परत आला का, एवढंच तो बघतो. फेजनं तीन अँपिअर गेले आणि न्यूट्रलनं तीन आले, तर गप्प. 30 मिलिअँपिअर जरी वाटेत गळाले, मग ते फ्रीझरच्या बॉडीतून असोत की पोराच्या पायातून, 0.3 सेकंदाच्या आत पडतो. माणसासाठी 30 चाच घ्या. 100 आणि 300 चेही मिळतात, ते आगीच्या बचावाला. "30 चा सारखा पडतो" म्हणून 100 चा बसवणाऱ्याला मी बोर्डाला हात लावू देत नाही.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. नुसता आरसीसीबी टाकला तर वायर तापून जळाली तरी तो हलणार नाही, कारण गेलेला करंट पुरा परत येतोय. दिसायला दोन्ही सारखे, फक्त याच्यावर टेस्टचं बटण असतं. बाजारात त्याला अजून ईएलसीबी म्हणतात. म्हणू द्या, पण बिलावर आरसीसीबी आहे का ते बघून घ्या.

आता मालकांची खरी भीती: रात्री आरसीसीबी पडला आणि सकाळी मटण वास मारायला लागलं तर? भीती रास्त आहे, पण त्यावर "बायपास कर" हे उत्तर नव्हे. अख्ख्या किचनला एकच आरसीसीबी असला की मिक्सरमध्ये पाणी गेलं तरी फ्रीझर बंद पडतो. म्हणून प्रत्येक फ्रीझरला स्वतंत्र आरसीबीओ द्या, त्यात एमसीबी आणि आरसीसीबी या दोन्हींची कामं एकत्र होतात. महाग पडतो, पण एका फ्रीझरभर मटणापुढं काहीच नाही. बसवताना त्याचा न्यूट्रल त्याच्यातूनच काढा. सामाईक पट्टीवर नेऊन जोडला की तो विनाकारण पडत राहतो आणि शिव्या उपकरण खातं.

त्या खानावळीत फ्रीझरच्या प्लगची जाड पिन, म्हणजे अर्थिंगची, कापलेली होती, सॉकेटमध्ये बसत नव्हती म्हणे. अर्थिंग जोडलेलं असतं आणि आरसीसीबी असता, तर बॉडीत गळती होताच तो पडला असता. अर्थिंग नसलं की तो कुणाचा तरी हात लागायची वाट बघतो. नवा प्लग आणि सॉकेट बसवलं, अर्थ वायर ओढली, आरसीबीओ टाकला. चालू केला तसा लगेच पडला. बर्फ वितळवणाऱ्या डिफ्रॉस्टच्या हीटरमध्ये पाणी शिरलं होतं. मालक माझ्यावरच चिडले, "पोतं होतं तवर चालत होता की!"