जमशेदपूरचा १९५६ चा करार : कामगार-सहभागाची पार्श्वभूमी

कामगार आणि व्यवस्थापन यांनी एकत्र बसून कारखान्यातील प्रश्न सोडवावेत, या कल्पनेला भारतात कायद्याचा आधार मिळाला तो १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने. शंभर किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कार्यसमिती, म्हणजे दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींची समिती, नेमण्याचा आदेश देण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. परंतु वेतन, बोनस आणि कामगारकपात हे विषय संघटनांच्या वाटाघाटींकडे राहिल्यामुळे या समित्यांच्या वाट्याला पिण्याचे पाणी, उपाहारगृह, उजेड यांसारखेच विषय आले. न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९ च्या अहवालात या समित्यांच्या अपयशाची कारणे नोंदवली : शिफारशी केवळ सल्ल्यापुरत्या, कार्यक्षेत्र संदिग्ध, आणि संघटनांमध्ये आपापसांत स्पर्धा.

जमशेदपूरच्या टाटा पोलाद कारखान्याची वाट वेगळी होती. तेथे १९१२ पासून आठ तासांचा दिवस लागू होता, तरीही १९२० आणि १९२८ मध्ये मोठे संप झाले. दुसऱ्या संपाच्या वेळी संघटनेचे नेतृत्व सुभाषचंद्र बोस यांच्याकडे आले. मालकाने आपणहून दिलेल्या सोयींमुळे कामगाराला कारभारात आवाज मिळत नाही, हे या संपांनी दाखवून दिले. विस्तार आणि आधुनिकीकरणाची कामे हाती असताना, १९५६ मध्ये, कंपनी आणि टाटा वर्कर्स युनियन यांच्यात करार झाला. त्यानुसार खात्यापासून संपूर्ण कंपनीपर्यंत तीन पातळ्यांवर संयुक्त परिषदा स्थापन झाल्या. माझ्या मते कराराचा खरा गाभा मात्र त्यातील देवाणघेवाणीत आहे : नव्या यंत्रांमुळे असलेल्या कामगारांची कपात होणार नाही, अशी हमी कंपनीने दिली, आणि त्या बदल्यात उत्पादकता वाढवण्यास संघटनेने सहकार्य मान्य केले. आपल्या सूचनेमुळे आपल्याच सहकाऱ्याची नोकरी जाईल ही भीती असेपर्यंत कोणता कामगार काम सोपे करण्याची युक्ती साहेबांना सांगेल?

हा करार म्हणजे शांततेची खात्री नव्हती. १९५८ मध्ये मान्यता नसलेल्या प्रतिस्पर्धी संघटनेने संप पुकारलाच. तरीही परिषदा टिकल्या. नव्वदच्या दशकानंतर स्वेच्छानिवृत्तीच्या मार्गाने कामगारसंख्या मोठ्या प्रमाणावर घटली आणि उत्पादन वाढले, तेही संघटनेशी बोलणी चालू ठेवून. २००८ मध्ये कंपनीला गुणवत्तेसाठीचे जपानचे डेमिंग पारितोषिक मिळाले. या सहकार्याची व्याप्ती मात्र कायम कामगारांपुरतीच राहिली. त्याच आवारात राबणाऱ्या कंत्राटी कामगारांना १९५६ च्या हमीचे संरक्षण मिळाले नाही.