‘आऽ कर’: अर्ध्या मिनिटाच्या तपासणीमागचा इतिहास

लालबागला आमच्या चाळीखाली जो दवाखाना होता, तिथं घसा दाखवायला गेलं की डॉक्टरांचा क्रम ठरलेला. ट्रेमधला उकळलेला चमचा उचलायचे, त्याच्या दांड्यानं जीभ दाबायचे, टॉर्च मारून ‘आऽ कर’ म्हणायचे. मग दोन्ही हातांची बोटं जबड्याखाली फिरवायचे. ‘खोकला आहे का रे?’ असं विचारायचे आणि सगळ्यात शेवटी छातीला स्टेथोस्कोप लावायचे. आईला हे शेवटचं काही पटायचं नाही. ‘दुखतोय घसा आणि तपासतात छाती,’ असं ती जिना चढताना पुटपुटायची. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम. पण त्यातली एकही हालचाल उगाच नव्हती. प्रत्येकीमागे कुठली ना कुठली जुनी धास्ती होती.

टॉर्चपासूनच सुरुवात करू. घसा लाल आहे का हे बघायला उजेड लागतोच, पण जुन्या डॉक्टरांची नजर आधी शोधायची ती पडदा. टॉन्सिलवर किंवा पडजिभेजवळ राखाडी, चिवट, खरवडला तर रक्त येईल असा पडदा दिसला की घटसर्प. हा पडदा खाली स्वरयंत्रापर्यंत सरकला तर मुलाचा श्वास कोंडतो. तिथून मूल वाचलं तरी जंतूचं विष रक्तातून हृदयाला आणि नसांना गाठतं. सुश्रुतसंहितेत मुखरोग ६५ सांगितलेत, त्यांतले १७ कंठाचे. त्यांत ‘रोहिणी’ नावाचा एक आहे, गळ्यात मांसांकुर वाढून गळा अडतो आणि माणूस दगावतो असा. घटसर्पाशी तिचा मेळ घालणारे वैद्य बरेच आहेत.

खेड्यातून मुंबईला आलेल्यांना ‘घटसर्प’ हा शब्द मात्र गोठ्यातून माहीत असायचा. पावसाळ्याआधी गुरांना टोचतात ती घटसर्पाची लस. गुरांचा रोग वेगळा, जंतूही वेगळा. सारखा आहे तो फक्त सुजलेला गळा आणि लागलेली घरघर. आमच्या मजल्यावरच्या एका आजींना कुणी सांगितलं की शेजारच्या पोराला घटसर्प झालाय, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला होता, ‘ह्यांच्याकडे म्हैस कुठली?’

माणसांच्या या रोगाला फ्रान्समध्ये ब्रेतोनो या डॉक्टरनं १८२६ मध्ये नाव दिलं, ते चामडं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. डिप्थेरिया तो हाच. जंतू क्लेब्सनं १८८३ मध्ये पाहिला, लोफ्लरनं १८८४ मध्ये वेगळा करून वाढवला. खरं वळण आलं १८९० मध्ये. बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवून दिलं की विषाची सवय लावलेल्या जनावराच्या रक्तातला द्रव दुसऱ्याला टोचला तर विष निकामी होतं. पुढे हे सीरम घोड्यांपासून मोठ्या प्रमाणावर बनू लागलं. १९०१ मध्ये वैद्यकातलं पहिलंवहिलं नोबेल बेरिंगला मिळालं ते याच कामासाठी. सीरमची एक अडचण होती आणि आजही आहे: पेशींत आधीच शिरलेल्या विषावर ते चालत नाही. म्हणून एक दिवस उशीर म्हणजे फार उशीर, आणि म्हणूनच डॉक्टर टॉर्च मारल्याशिवाय कुणाला सोडत नसत.

मुंबईत या धास्तीचे दोन पत्ते होते, एकमेकांपासून फार लांब नाहीत. चिंचपोकळीला आर्थर रोडवर १८९२ मध्ये साथीच्या रोगांसाठी इस्पितळ निघालं, तेच आजचं कस्तुरबा. परळला, जुन्या गव्हर्नरांच्या बंगल्यात, प्लेगच्या लशीसाठी १८९९ मध्ये हाफकिन या शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा गेली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. लोकांना आठवते ती तिथली साप चावल्यावरची लस, पण घटसर्पावरचं सीरमही हाफकिननं बनवलंय. गिरणगावातल्या बायका ‘कस्तुरबाला नेलं’ हे वाक्य आवाज खाली आणून बोलायच्या. त्यात रोगाची भीती होती, तितकीच पोराला वेगळं ठेवतील याचीही.

मग आली त्रिगुणी लस. देशपातळीवरचा लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला, १९८५ मध्ये त्याला सार्वत्रिक रूप मिळालं, आणि नवे डॉक्टर पडदा पुस्तकातल्या चित्रातच बघू लागले. लशीचा जोर मात्र वर्षांगणिक ओसरतो. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी जे टीडीचं इंजेक्शन शाळेत देतात, त्यातला ‘डी’ हा घटसर्पाचा. धनुर्वाताचं समजून कित्येक पालक ते चुकवतात, ही चूक जरा महागातली आहे.

आता जबड्याखालची बोटं. ती गाठी चाचपतात. पण माझ्या लहानपणी त्या बोटांची भीती वाटायची ती ‘टॉन्सिल काढावे लागतील’ या वाक्यामुळे. माझ्या आतेभावाचे काढले होते. त्याला आठवडाभर कुल्फी आणि आइस्क्रीम मिळालं, आणि आम्ही बाकीची भावंडं आपापला घसा दुखतोय का ते तपासत बसलो. टॉन्सिल काढणं फार जुनं; रोमन लेखक सेल्ससनं पहिल्या शतकात बोटानं सोडवून काढायची रीत लिहून ठेवलीय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र त्याचा सपाटाच लागला. शरीरात कुठं तरी लपलेला जंतूंचा साठा सगळ्या दुखण्यांचं मूळ असतो, अशी कल्पना तेव्हा बोकाळली होती, आणि टॉन्सिल हाताशी सापडणारे.

या सपाट्याचं पितळ उघडं पाडणारी एक पाहणी १९३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झाली. अकरा वर्षांची १००० शाळकरी मुलं घेतली. ६११ जणांचे टॉन्सिल आधीच गेलेले. उरलेली ३८९ मुलं डॉक्टरांना दाखवली, त्यांतल्या १७४ जणांना ऑपरेशन सांगितलं. ज्यांना नको सांगितलं ती २१५ मुलं दुसऱ्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी ९९ निवडली. उरलेली ११६ तिसऱ्यांकडे गेली, तिथं आणखी ५१ लागली. शेवटी हजारातली ६५ मुलं उरली, आणि तेवढ्यावर थांबले ते दाखवायला डॉक्टर संपले म्हणून. प्रत्येक वेळी निम्म्याच्या जरा आत. म्हणजे घसा कुणाचाही असो, डॉक्टरांची कात्री आपल्या प्रमाणात चालतच होती. पुढे अमेरिकेत पॅरडाइज यांनी १९८४ मध्ये जो अभ्यास छापला, त्यातून आजचा निकष आला: वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं पाच-पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं तीन-तीन वेळा घसा खरोखर पिकला, तर ऑपरेशनचा विचार करा. आतेभावाचा घसा त्या वर्षी, आत्याच्या म्हणण्याप्रमाणे, तीनदा धरला होता.

राहिले दोन: खोकल्याचा प्रश्न आणि छातीवरचा स्टेथोस्कोप. हे दोन्ही एकाच जंतूसाठी. घसा दुखण्याची बहुतेक प्रकरणं विषाणूंची, सर्दीच्या कुळातली. आठवड्याभरात आपली आपण जातात. मुलांमध्ये साधारण २० ते ३० टक्के आणि मोठ्यांमध्ये ५ ते १५ टक्के वेळा कारण असतं स्ट्रेप्टोकोकस. बिलरोथनं १८७४ मध्ये मण्यांच्या माळेसारखे हे जंतू जखमांत पाहिले. त्यांचे गट पाडायचं काम रेबेका लान्सफील्ड यांनी १९३३ मध्ये केलं. घशाचा तो ‘अ’ गटातला. तो घशात थांबला असता तर कुणी इतकं मनावर घेतलं नसतं. पण घसा बरा होऊन दोन-तीन आठवडे गेले की काही मुलांचा गुडघा सुजतो, मग घोटा, मग कोपर, ताप चढतो. शरीर जंतूशी लढता लढता स्वतःच्याच हृदयावर उलटतं. हा ऱ्हुमॅटिक ताप सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो, असं एक जुनं वाक्य डॉक्टरकी शिकणाऱ्यांना पहिल्या वर्षांतच ऐकवतात. चावा बसतो तो झडपेला, म्हणून तो छातीवरचा स्टेथोस्कोप. आणि पुढे विशी-पंचविशीत, बाईला दिवस गेल्यावर वगैरे, अचानक दम लागायला लागतो.

दहा बाय दहाच्या खोलीत आठ-नऊ माणसं, उशाला उशी. एकाच्या घशातला जंतू दुसऱ्याच्या घशात जायला याहून सोयीची जागा नाही. १९२६ मध्ये सुरू झालेल्या परळच्या केईएममध्ये हृदयाच्या ओपीडीत अशा झडपांचे रुग्ण पिढ्यान् पिढ्या येत राहिले. ‘एकवीस दिवसांचं इंजेक्शन’ हा शब्दप्रयोग तिथून चाळीत पोचला. ते बेन्झाथिन पेनिसिलिन: एकदा ताप येऊन गेलेल्याला पुन्हा घसा पिकून झडप आणखी बिघडू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी कमरेत, वर्षानुवर्षं. फार दुखतं. आमच्या वर्गातली एक मुलगी दर एकविसाव्या दिवशी लंगडत शाळेत यायची, आणि आम्ही पोरं तिला त्यावरून चिडवायचो.

पेनिसिलिन वेळेवर दिलं तर हे टळतं, हे १९५० च्या सुमारास अमेरिकेतल्या वायोमिंगच्या हवाई तळावर जवानांवर सिद्ध झालं. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत सुरू केलं तरी चालतं, म्हणजे पहिल्याच रात्री धावपळ करायची गरज नाही. १९५५ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन बनायला लागलं आणि औषध हाताच्या अंतरावर आलं.

खोकल्याचा प्रश्न डॉक्टर आधीपासून विचारायचेच. १९८१ मध्ये रॉबर्ट सेंटर यांनी त्याला गुणांत बसवलं: ताप आहे, टॉन्सिलवर पू आहे, मानेच्या पुढच्या गाठी दुखतात आणि खोकला नाही. चारही जुळले तर स्ट्रेप्टोकोकसचा संशय वाढतो. खोकला, शिंका, गळणारं नाक, बसलेला आवाज असेल तर बहुधा विषाणू, आणि त्याला अँटिबायोटिक दिलं काय न दिलं काय.

हे सगळं असूनही लोकांना दवाखान्यातून आठवतो तो पेंट. तपकिरी, दाट, काडीला कापूस गुंडाळून आत घशाला फासायचे. उमासा यायचा, डोळ्यांत पाणी, आणि तासभर तोंडात आयोडीन-पेपरमिंटची चव. हा मँडल्स पेंट. पॅरिसमध्ये घसा तपासणारा मूळचा हंगेरीचा डॉक्टर लुई मँडल याच्या नावाचा, एकोणिसाव्या शतकातला. आयोडीन, पोटॅशियम आयोडाइड, ग्लिसरीन, पेपरमिंटचं तेल. बरं वाटायचं ते बहुतेक शेवटच्या दोघांमुळे. आज पोव्हिडोन आयोडीनच्या गुळण्या सांगतात, ते त्याच घराण्यातलं.

गुळण्यांचा धागा त्याहून कितीतरी मागे जातो. आयुर्वेदात कवल आणि गंडूष असे दोन प्रकार आहेत: तोंडात द्रव खुळखुळवता येईल इतकाच घ्यायचा तो कवल, गच्च भरून धरायचा तो गंडूष. घरी आम्ही पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकायचो. सूज थोडी ओसरते, तेवढ्यापुरतं गिळायला सोपं जातं. ज्येष्ठमधाची कांडी, सुंठ-खडीसाखर, रात्री हळदीचं दूध, ही सगळी आराम देणारी माणसं. रोग हाकलणारी नव्हेत. मध वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नये. बोटाला मीठ-हळद लावून ‘पडलेली’ पडजीभ वर दाबायची जुनी रीत तर कुणीच करू नये. सुजलेल्या घशात बोट घालणं हा शुद्ध आडदांडपणा आहे.

नव्वदीनंतर पेंटची जागा घेतली तीन गोळ्यांच्या पाकिटानं. अझिथ्रोमायसिन, दिवसाला एक, झाला कोर्स. ऑफिसला दांडी नको असलेल्या शहराला हे फारच मानवलं; केमिस्टच्या काउंटरवर ‘घशाची द्या’ म्हटलं की भागतं. गंमत अशी की ‘अ’ गटातला तो स्ट्रेप्टोकोकस इतक्या दशकांनंतरही पेनिसिलिनला निर्ढावलेला नाही, अझिथ्रोमायसिनच्या कुळाला मात्र निर्ढावतो आहे. आणि वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं सगळ्या अभ्यासांची गोळाबेरीज केली, तेव्हा अँटिबायोटिकनं घशाचं दुखणं सरासरी फक्त १६ तास आधी आटोपतं असं निघालं. खऱ्या स्ट्रेप्टोकोकसला पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन दहा दिवस लागतं, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी.

मुंबईतला प्रत्येक खवखवणारा घसा जंतूंचा असतोच असंही नाही. गिरण्यांच्या धुरासाठी इथं १९१२ मध्येच कायदा करावा लागला होता. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचा कचरा पेटला तेव्हा चेंबूर-गोवंडीत आठवडाभर लोक खाकरत होते. तंबाखू-मिश्रीवाल्यांचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, तर तो घसा गुळण्यांचा नाही, कान-नाक-घसा तज्ज्ञाचा आहे. स्वतःची लाळ गिळता येत नाही, तोंड उघडत नाही, श्वासाला आवाज येतो, मान एका बाजूनं सुजलीय, यांतलं काहीही दिसलं तर त्याच रात्री इस्पितळ.

जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉन आला, तो घशातूनच. मुंबईत दिवसाला २० हजारांवर रुग्ण निघत होते आणि निम्म्या फोनांवर ‘जरा घसा धरलाय’ एवढंच ऐकू यायचं. चाळीखालचा दवाखाना आता त्या डॉक्टरांची मुलगी चालवते. त्या महिन्यात तिनं रुग्णाची खुर्ची दाराबाहेर गॅलरीत मांडली होती. उन्हाकडे तोंड करून बसायचं, मास्क खाली, ती दोन हात लांबून मोबाइलचा टॉर्च मारायची, आणि मास्कमधून तेच म्हणायची, ‘आऽ कर.’