दाहिनीत हाडं का जळत नाहीत?

महापालिकेच्या दाहिनीत अंत्यसंस्काराची नोंद करताना एक अर्ज भरावा लागतो. मृत्यूचा दाखला, अर्जदाराचं नातं, निरोपासाठी सभागृह हवं की थेट दहन, वेळ कोणती, रक्षा कोण नेणार. या सगळ्यात बऱ्याच ठिकाणी एक प्रश्न असतो: मृताच्या शरीरात पेसमेकर (हृदयाचे ठोके नियमित ठेवणारं यंत्र) आहे का? डोळे पुसत अर्ज भरणाऱ्याला तो अगदीच अस्थानी वाटतो. 'आता काय करायचंय त्याचं' असं म्हणत लोक 'नाही'वर खूण करून मोकळे होतात.

तसं करू नये. पेसमेकर म्हणजे टायटॅनियमची हवाबंद डबी, आणि तिच्या पोटात बहुतेक वेळा लिथियम-आयोडीनचा सेल. लिथियम 180 अंशांना वितळतं, आयोडीनची वाफ होते, डबीतला दाब वाढत जातो आणि शेवटी ती फुटते. अशा स्फोटाची पहिली नोंद ब्रिटनमध्ये 1976 साली झाली. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका पाहणीत जवळपास निम्म्या दहनगृहांनी हा अनुभव आल्याचं सांगितलं. स्फोटाने भट्टीच्या आतल्या विटा उडतात, दारापाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला इजा होऊ शकते. दहनाआधी छोटा छेद घेऊन ही डबी काढायला काही मिनिटं पुरतात, म्हणून तो प्रश्न.

पण मला जास्त ओढ आहे ती अर्जाच्या तळाशी असलेल्या रकान्याची. रक्षा सोबत नेणार, बागेत विखुरणार, की पुरणार? हल्ली या रकान्याला जाहिरातींचं शेपूट फुटलंय. रक्षेचा हिरा करून देतो, रक्षेतून झाड उगवून देतो, काचेत गोठवून देतो. यातलं काय शक्य आहे हे ठरवायचं तर आधी रक्षेच्या डब्यात नेमकं काय असतं ते पाहावं लागेल. आणि ते कळायचं तर भट्टीत डोकावायला हवं.

दाहिनीची भट्टी दोन कप्प्यांची असते. मुख्य कप्प्याला आतून अग्निरोधक विटांचं अस्तर. गॅस, डिझेल किंवा विजेने या विटा आधी तापवून घेतात, साधारण 750 ते 900 अंशांपर्यंत. दार उघडतं तेव्हा त्या नारिंगी झालेल्या असतात आणि शरीराला बरीचशी उष्णता त्यांच्यातून निघणाऱ्या प्रारणाने मिळते. प्रारण हे केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. 400 अंशांना तापलेला पृष्ठभाग दर चौरस मीटरमधून साधारण 12 किलोवॅट फेकतो, 800 अंशांना तोच 75 किलोवॅटच्या घरात जातो. उघड्यावर पेटवलेल्या चितेची निम्मी-अधिक उष्णता आकाशात आणि आजूबाजूला निघून जाते. भट्टीत ती विटेकडून विटेकडे आणि शेवटी शरीराकडेच येते. ही युक्ती पोलाद आणि काच कारखान्यांतून आलेली आहे. 1874 साली ड्रेस्डेनमध्ये फ्रीडरिख सीमेन्सच्या भट्टीत आधुनिक पद्धतीचं दहन झालं, आणि ही भट्टी काच वितळवण्याच्या भट्टीचीच सख्खी बहीण होती.

आता थोडं गणित. शाळेतलंच आहे, घाबरू नका. 70 किलोच्या माणसात सुमारे 42 लिटर पाणी असतं. एक किलो पाणी 37 अंशांवरून उकळीला आणून त्याची वाफ करायला साधारण 2.5 मेगाज्यूल लागतात, आणि ती वाफ भट्टीइतकी तापायला आणखी दीडेक. म्हणजे नुसत्या पाण्याचा खर्च झाला 170 मेगाज्यूल. दुसरीकडे त्याच शरीरात 14 किलो चरबी धरली, तर किलोला 39 मेगाज्यूलप्रमाणे साडेपाचशेच्या जवळपास ऊर्जा तिच्यातच आहे. प्रथिनांची वेगळी. हिशेबाने शरीर स्वतःच्या इंधनावर जळायला हवं!

तसं होत नाही, कारण ऊर्जेचा हप्ता आधी भरायचा असतो आणि परतावा नंतर मिळतो. ऊतींमधलं पाणी संपेपर्यंत त्या जागेचं तापमान 100 अंशांच्या आसपास अडकून बसतं. तोवर बाहेरून इंधन ओतत राहावं लागतं. पाणी गेलं की चरबी वायुरूप होऊन पेट घेते, आणि मग दाहिनी चालवणारा माणूस बर्नर कमी करून हवेचा झोत सांभाळतो. कधीकधी बर्नर जवळजवळ बंदच असतो. अतिस्थूल व्यक्तीचं दहन बऱ्याच ठिकाणी सकाळी पहिलं घेतात ते याचसाठी. भट्टी थोडी थंड असते, त्यामुळे चरबी एकदम भडकून तापमान हाताबाहेर जात नाही. एरवी सकाळचं पहिलं दहन इंधनाच्या दृष्टीने महागच पडतं, कारण रात्रभर थंडावलेल्या विटाही तापवायच्या असतात.

याच टप्प्यावर दोन भुताटकीच्या गोष्टी जन्माला येतात. एक, प्रेत उठून बसतं. उष्णतेने स्नायूंतली प्रथिनं आकसतात, आणि हातपाय दुमडणारे स्नायू ते सरळ करणाऱ्या स्नायूंपेक्षा ताकदवान असल्याने कोपर आणि गुडघे वाकतात, मुठी वळतात. मुष्टियोद्ध्याच्या पवित्र्यासारखी ही स्थिती आगीत सापडलेल्या कुठल्याही मृतदेहात दिसते आणि न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात ती हमखास भेटते. अतृप्त इच्छेचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. दुसरी गोष्ट म्हणजे कवटी वाफेने बॉम्बसारखी फुटते. कवटीला तळाशी मज्जारज्जूसाठी मोठं भोक आहे, शिवाय डोळ्यांच्या आणि नसांच्या वाटा आहेत, आणि तापल्यावर हाडाला भराभर भेगा पडतात. वाफेला कोंडून ठेवेल असं तिथे काही उरतच नाही.

धूर दुसऱ्या कप्प्यात जातो. तिथे सुमारे 800 ते 850 अंशांना, भरपूर ऑक्सिजनमध्ये, तो सेकंद-दोन सेकंद ठेवला की अर्धवट जळलेली काजळी आणि दुर्गंधी संपते. दातांतल्या चांदीच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भरावात निम्मा पारा असतो. तो 357 अंशांनाच उकळतो, जळत मात्र नाही, त्यामुळे चांगल्या दहनगृहात धूर थंड करून पारा सक्रिय कोळशावर पकडतात. चिमणीतून पांढरा धूर येतोय म्हणजे अमुक आणि काळा येतोय म्हणजे तमुक, असले शकुन काढणाऱ्यांनी हवेच्या झडपेची चौकशी करावी.

दीड तासाने, कधी दोन तासांनी, दार उघडलं की विटांवर हाडं असतात. पांढरी, तडकलेली, हात लावला तर भुगा होईल अशी, पण हाडंच. लाकडाची मूठभर राख उरते तसा प्रकार इथे नाही. मांस, कातडी, केस यांचा मागमूस नसतो. शरीरात 12 ते 16 किलो कार्बन होता, तो जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साईड होऊन चिमणीतून गेला. मग हाडंच का राहिली?

जळणं म्हणजे ऑक्सिजनशी संयोग. ज्याचा तो संयोग आधीच पुरा झालाय, त्याला जळायला काही शिल्लकच नसतं. हाडाच्या वजनाचा दोनतृतीयांश भाग असतो हायड्रॉक्सिअ‍ॅपटाईट या खनिजाचा. 10 कॅल्शियम, 6 फॉस्फेट, 2 हायड्रॉक्सिल, असा त्याचा स्फटिक. फॉस्फेटमधला फॉस्फरस चार ऑक्सिजनना धरून बसलेला, त्याला आणखी ऑक्सिजन नको. कॅल्शियमची गरजही भागलेली. हे खनिज वितळायलाच 1,600 अंशांच्या पुढे जावं लागतं, दाहिनी तिथवर कधी पोचत नाही. म्हणजे जिवंतपणीच आपल्या अंगात दोन-तीन किलो दगड असतो, पूर्ण ऑक्सिडीकरण झालेला.

मात्र हा दगड एकटा नसतो. हाड म्हणजे आरसीसी आहे: कोलॅजेन हे प्रथिन त्यातली सळई आणि खनिज त्यातलं काँक्रीट. आगीत सळई जळून जाते. आधी हाड तपकिरी होतं, मग 300-400 अंशांच्या सुमाराला कोलॅजेनचा कोळसा होऊन काळं पडतं, 500-600 ला तो कोळसाही जळू लागतो आणि करडा रंग येतो, 700-800 च्या पुढे पांढरं. एकाच बरगडीच्या तुकड्यावर हे चारही रंग शेजारी शेजारी दिसू शकतात आणि जाणकार माणूस त्यावरून तिथलं तापमान सांगतो. सळई गेल्याने हाड ठिसूळ होतं, आक्रसतं, आडव्या वक्र भेगांनी भरून जातं.

आणि इथे माझा सगळ्यात आवडता भाग. जिवंत हाडातले स्फटिक अतिशय बारीक असतात, काही नॅनोमीटर जाड आणि काही दशक नॅनोमीटर लांब. शरीराला ते तसेच हवे असतात, कारण बारीक स्फटिकांचं पृष्ठफळ प्रचंड आणि त्यातून कॅल्शियम चटकन काढता-घालता येतं. ते शुद्धही नसतात. काही फॉस्फेटच्या जागी कार्बोनेट घुसलेलं, काही कॅल्शियमच्या जागी स्ट्रॉन्शियम हा त्याच्याच कुळातला धातू. 600-700 अंशांच्या पुढे हे बारीक स्फटिक एकमेकांत मिसळून मोठे होऊ लागतात. बहुतेक कार्बोनेट बाहेर फेकलं जातं, जाळी सुबक होते, फटी बुजतात. जे स्ट्रॉन्शियम आत होतं ते आतच बंद होतं आणि नंतर जमिनीतलं पाणी त्यात ढवळाढवळ करू शकत नाही. न जळलेलं हाड मातीत पडलं तर ते मातीतलं स्ट्रॉन्शियम शोषून घेतं. जळलेलं घेत नाही. स्ट्रॉन्शियमच्या 87 आणि 86 या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) गुणोत्तर खडकाखडकागणिक बदलतं आणि अन्नपाण्यातून ते हाडात उतरतं. म्हणून इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन शिलावर्तुळात सुमारे 5,000 वर्षांपूर्वी दहन करून पुरलेल्या 25 जणांच्या कवटीच्या तुकड्यांवरून 2018 साली संशोधकांना सांगता आलं की त्यातले किमान 10 जण आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्या परिसरात राहत नव्हते, आणि त्यांची खूण पश्चिम वेल्सशी जुळते. आगीने पुरावा नष्ट केला नाही, उलट मोहोरबंद केला. थोडंफार जे कार्बोनेट आत उरतं त्यावर कार्बन-14 पद्धतीने वयही काढता येतं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या शास्त्रज्ञांनी हे 2001 साली दाखवून दिलं. फक्त एक मेख आहे. जळताना स्फटिक भोवतालच्या धुरातला कार्बन थोडासा आत घेतात, त्यामुळे चितेचं लाकूड फार जुनं असेल तर माणूसही आहे त्यापेक्षा जुना ठरतो.

दाहिनीत हाडं थंड झाली की लोहचुंबकाने खिळे वगैरे उचलतात, कृत्रिम खुबे आणि गुडघे बाजूला काढतात (ते टायटॅनियमचे किंवा कोबाल्ट-क्रोमियमचे असतात, भट्टीला दाद देत नाहीत, नातेवाइकांनी संमती दिली तर पुन्हा वितळवायला जातात) आणि उरलेली हाडं दळण्याच्या यंत्रात घालतात. बाहेर येते ती करड्या-पांढऱ्या रंगाची, वाळूसारखी खरखरीत पूड. साधारण दोन ते तीन किलो. हे वजन सांगाड्यावर ठरतं. सारख्याच उंचीच्या आणि बांध्याच्या लठ्ठ आणि सडपातळ माणसाची पूड जवळपास सारखीच भरते, म्हणून 'एवढा भरलेला माणूस आणि एवढीशीच रक्षा?' या शंकेत तथ्य नाही. पांढरं होईपर्यंत भाजलेल्या हाडात डीएनए मात्र टिकत नाही. रक्षा आपल्याच माणसाची आहे याची हमी देते ती शवपेटीपासून डब्यापर्यंत सोबत फिरणारी क्रमांकाची चकती, प्रयोगशाळा नाही.

आता जाहिराती. झाड लावायला हरकत नाही, पण झाड त्या पुडीवर वाढत नसतं. पुडीतला फॉस्फरस कॅल्शियमशी इतका घट्ट बांधलेला असतो की मुळांना तो सहजी मिळत नाही, क्षार भरपूर असतात आणि सामू (पीएच) 11-12 च्या घरात, म्हणजे तीव्र अल्कधर्मी. रोप थेट त्यात लावलं तर मरण्याचीच शक्यता जास्त. बरीच माती आणि कंपोस्ट मिसळून विरळ केली तर झाड जगतं, ते त्या मातीमुळे. बागेत ढीग न ओतता पातळ पसरा असं कर्मचारी सांगतात, त्यामागेही हेच आहे.

हिऱ्याचं प्रकरण जास्त गमतीचं. हिरा म्हणजे कार्बन, आणि दहनात नेमका कार्बनच गेलेला असतो. पुडीत जो किंचित उरतो त्यातला काही इंधनाचा किंवा शवपेटीच्या लाकडाचाही असू शकतो. एक कॅरट म्हणजे फक्त 0.2 ग्रॅम, त्यामुळे तेवढा कार्बन गोळा करून प्रचंड दाबाखाली हिरा करणं अशक्य नाही. पण कार्बनच्या अणूवर कुणाचं नाव नसतं. तयार हिरा कुठल्याही उपकरणाखाली ठेवला तरी तो कुणापासून झाला हे कळणार नाही. त्यात 'तुमच्या माणसाची ऊर्जा' साठवलेली असते असं सांगणाऱ्याला ती किती ज्यूल ते विचारावं.

काही देशांत अर्जावर आगीशिवायचे पर्यायही आलेत. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने 2019 साली मृतदेहाचं कंपोस्ट करायला कायद्याने परवानगी दिली. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या पार्थिवावर त्यांच्या इच्छेनुसार अल्कधर्मी जलअपघटन झालं. पोटॅशियम हायड्रॉक्साईडच्या द्रावणात, दाबाखाली 150 अंशांच्या आसपास काही तास ठेवलं की प्रथिनांचे तुकडे होतात, चरबीचा साबण होतो आणि हाडं मागे राहतात. पेसमेकर काढावा लागत नाही, दातांतला पारा हवेत जात नाही, इंधन बरंच कमी लागतं. पूड जास्त पांढरी आणि प्रमाणानेही थोडी जास्त मिळते. फक्त तिने 600 अंश कधी पाहिलेले नसतात, त्यामुळे तिच्यातले स्फटिक बारीकच राहतात आणि मातीत गेल्यावर तिथलं स्ट्रॉन्शियम बिनदिक्कत आत घेतात. 5,000 वर्षांनंतरच्या पुरातत्त्वज्ञाला आपण कुठे राहत होतो हे कळावं असं कुणाला वाटत असेल, तर त्याने भट्टीच निवडावी.